पाळीवरचा बल्ब

केवलरामला विजेनं मारलं, असं आमच्या कॅम्पात अजूनही म्हणतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं. वीज त्याला शिवलीसुद्धा नाही. तो पाण्यात मेला, आणि तो का मेला हे सांगायला जरा वेळ बसावं लागतं. बसायला कोणाला सवड नसते, म्हणून लोक आपलं सोपं करून मोकळे होतात.

मी शालिकराम. केवलरामच्या शेजारची पत्र्याची खोली माझी. मधे चटईची भिंत होती, त्यामुळे माझ्या बायकोनं, मथुरानं, मिरचीची फोडणी दिली की पलीकडे त्याची बायको पंचफुला शिंकायची आणि तिकडूनच शिव्या घालायची. आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे. मी शेतकऱ्याच्या घरचा, पाण्याला भिणारा. तो धिवराच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरचा, तलावाच्या काठावर वाढलेला. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, पहिली भट्टी अजून पेटायची होती, आणि आम्ही दोघं एकाच टोळीत खलाशी होतो. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. दोरखंड, साखळ्या आणि कप्प्या घेऊन लोखंडाचे खांब वर चढवणाऱ्याला भिलाईत खलाशी म्हणतात.

केवलरामसारखा वर चढणारा टोळीत दुसरा नव्हता. पण त्या हिवाळ्यात त्याला कावीळ झाली आणि ती बरी होताना त्याचं काहीतरी घेऊन गेली. उंचावर गेला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. एक दिवस तो वर खांबाला मिठी मारून बसला तो बसलाच. खालून हाका मारल्या तरी उत्तर नाही. शेवटी मी वर गेलो, कमरेला दोर बांधला आणि त्याला लहान पोरासारखं बोलत बोलत खाली आणलं. खाली आल्यावर तो हसला आणि बिडी मागितली. काडी मात्र मलाच ओढावी लागली.

पंचफुलाला त्यानं काही सांगितलं नाही. तिनं मला नळावर गाठलं.

"शालिकभाऊ, खरं सांगा. थे वरतं चढते तवा काय होते त्यायले?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. मग सगळं सांगितलं. तिनं बादली भरून होईपर्यंत ऐकलं.

"खाली आनते मी त्यायले," ती म्हणाली. "पान्यात पडला मानूस तं पोहते. वरून पडला तं काय करन?"

त्या दिवसापासून त्या घरात एकच गोष्ट चालली होती: केवलरामला उंचीवरून खाली कसं आणायचं. आणि उपाय त्यांच्या हातातच होता. कारखान्याला पाणी लागणार म्हणून जवळचा एक जुना तलाव वाढवून चांगला समुद्राएवढा केला होता. काठच्या गावातल्या केवटांशी, म्हणजे तिकडच्या कोळ्यांशी, बोलून केवलरामनं त्यांचा एक जुना डोंगा, लहानशी लाकडी होडी, घेतला होता आणि त्यांच्या संमतीनं तो आणि त्याचा धाकटा भाऊ देवीदास सुट्टीच्या आदल्या रात्री जाळं टाकत. सकाळी पंचफुला मासळी कॅम्पाच्या बाजारात बसून विकायची. बंगाली, तेलुगू, मल्याळी, सगळा देश कॅम्पात उतरला होता आणि अर्ध्या देशाला मासे लागत होते. मासळी रोज आणि भरपूर मिळू लागली तर नोकरी सोडतो, असं केवलरामनं तिला कबूल केलं. आता सगळं येऊन अडलं ते दिव्यावर.

रात्रीची मासेमारी दिव्याची असते, हे मला तेव्हा कळलं. उजेड बघून झिंगे वर येतात, झिंग्यांमागे बारीक मासे, त्यांच्यामागे मोठे. केवलरामच्या घरची रीत अशी की दिवे दोन. एक डोंग्यातला: साधा कंदील, त्याच्या तीन बाजूंना घासलेटच्या डब्याचा कापलेला पत्रा. उजेड फक्त खाली पाण्यावर पडतो, बसलेल्याच्या डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे त्याला अंधारातलं दूरचंही दिसत राहतं. दुसरा काठावरचा. तो बांबूला टांगून घरची बाई रात्रभर राखते, आणि डोंगा त्याच्याकडे बघून परत येतो.

या काठाच्या दिव्याला एक कायदा होता. पंचफुला नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं, रुक्मानं, तिला चूल दाखवायच्या आधी तो शिकवला. गावाकडचे तलाव तेव्हा मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे. रात्री मासे धरणं म्हणजे चोरी. म्हणून दिवा जळतोय तोवर काठ मोकळा आहे, ये. दिवा विझला तर मालगुजाराची माणसं काठावर आली आहेत. येऊ नको, आपलाही दिवा विझव, डोकं खाली घाल आणि पाण्यावरच थांब. एकदा रुक्माला डुलकी लागली, माणसं आली तेव्हा दिवा विझवायचा राहिला, आणि केवलरामच्या बापाचा हात काठीनं मोडला तो जन्मभर वाकडाच राहिला. केवलराम तेव्हा बापाच्या डोंग्यात होता. हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला होता. डोंगा काठाला लागला आणि माणूस सुखरूप उतरला की मात्र बाई स्वतःच्या हातानं दिवा मालवायची, आणि मग दोघं घरी जायची.

मालगुजारी गेली, मालगुजार गेले. कायदा राहिला. पंचफुला भिलाईच्या नव्या तलावाच्या पाळीवरही, म्हणजे मातीच्या बांधावरही, तसाच कंदील टांगून बसायची. कधी कधी मथुरा सोबतीला जायची आणि पहाटे डास चावून लाल झालेली परत यायची.

देवीदासला हे सगळं बावळटपणाचं वाटे. देवीदास गॅसनं लोखंड कापणाऱ्याच्या हाताखाली होता, केसांना तेल लावून मधे भांग पाडायचा, आणि अर्धं हिंदीत बोलायचा. पोरगा वाईट नव्हता. भावावर जीव होता त्याचा. कॅम्पातल्या काही शहाण्यांनी पुढे त्याला नावं ठेवली, त्यांनी स्वतःच्या भावाला कधी पाणी विचारलं नव्हतं.

"दादा, या टिमटिम्या कंदिलानं तू मासे पकडून राहिला का मासे तुले पकडून राहिले?" तो म्हणायचा. "गॅसबत्ती घेऊ. जमाना बदल गया."

"उजेड माशाले पाह्यजे, आपल्या डोळ्याले नाही," केवलराम म्हणायचा.

"मंग चढ उद्या खांबावर."

केवलराम फाटलेलं जाळं शिवायला घ्यायचा. आत चुलीजवळ बसलेली पंचफुला हे ऐकत असायची. कंदिलाच्या मासळीत घर चालणार नव्हतं हे तिला बाजारात बसून दर खेपेला दिसत होतं. तिनंच शेवटी सांगितलं, घ्या गॅसबत्ती.

गॅसबत्ती आली. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरतात तसली, पंप मारून पेटवायची, जाळीची पिशवी पांढरीफटक तापणारी. पहिल्या रात्री डोंगा पाण्यावर गेला तेव्हा पाळीवरून वाटलं, तलावात चंद्र पडलाय. सकाळी टोपली उचलायला मला बोलावलं. रोहू, मरळ, वर झिंग्यांचा थर, आणि देवीदास असा ऐटीत उभा की मासे त्यानंच जन्माला घातले. पंचफुला टोपलीकडे बघत होती आणि डोळे पुसत होती. कावून रडते, असं मथुरानं विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात. धूर कुठेच नव्हता.

पण दुसऱ्याच खेपेला केवलराम उजाडेपर्यंत परत आला नाही. पंचफुला पाळीवर नुसती येरझारा घालत होती. उजाडल्यावर डोंगा दिसला, भलत्याच बाजूला, बुडालेल्या झाडांच्या खुंटांमधे अडकलेला. केवलराम चिडलेला आला.

"तुहा कंदील मले दिसलाच नाही."

"मी हाललीसुदा नाही जागची!"

"तू नाही हालली. माहेच डोळे गेले. त्या बत्तीपुढं बसलं का बाहेरचं काहीच दिसत नाही. आभाळ दिसत नाही, पाळ दिसत नाही. नुसतं काळं."

झालं ते असं होतं. डोंग्यात लहान दिवा असला तर काठावरचा लहान दिवा दिसतो. डोंग्यात मोठा दिवा घेतला की काठावरही मोठाच लागतो. पुन्हा कंदिलाकडे जावं तर मासळी जाते, मासळी गेली की पुन्हा खांब. दुसरी गॅसबत्ती घ्यायची तर रात्रभर तिला पंप मारत बसायचं, वाऱ्यात पिशवी फाटली की अंधार. तीन दिवस त्या खोलीत याचाच खल चालला होता आणि चटईच्या अलीकडे मला तो ऐकावा लागत होता.

तोडगा देवीदासनं काढला. पाळीवर पंपाच्या शेडजवळ नुकताच एक खांब उभा राहिला होता, आणि खांबावर विजेचा बल्ब. पत्र्याच्या टोपीखाली तो रात्रभर जळायचा. नेमका तिथेच आमच्या लोकांचा डोंगा लागायचा.

"हाच आपला काठाचा दिवा," देवीदास म्हणाला. "तेल नाही, वात नाही, हवा आली तरी फिकीर नाही. वहिनीनं रातभर डास मारत बसाची गरजच नाही. बिजली कधी इझत नाही, दादा."

केवलराम खांबाभोवती फिरून आला. दिवा चांगला होता, त्याला नाकारायचं कारण नव्हतं. पण ज्या दिव्याला घरचं कोणी राखत नाही, तो काय सांगणार?

"अन काही झालं तं?" तो म्हणाला. "घरी, काठावर? मले कसं कळन?"

मग त्यांनी ते केलं, जे दुसऱ्या कोणाला सुचलंच नसतं. शेडच्या चौकीदाराला विनंती करून पंचफुलाला खांबावरच्या पेटीतलं बटण दाखवलं. वर केलं की चालू, खाली केलं की बंद. केवलरामनं तिच्याकडून ते करवून घेतलं. बल्ब गेला, आला. पुन्हा गेला, आला. ती हसायला लागली. बटणाला हात लावताना आधी पदर गुंडाळायची.

"हसू नोको," तो म्हणाला. "तू झोप खुशाल घरी. पन काही इपरीत झालं तं इथं येऊन इझवजो. इझला म्हणजे मी समजन, तूच इझवला. थांबन पान्यावर. अन इझला नाही तं सगळं बरं आहे."

"बरं," ती म्हणाली.

मी तिथे होतो. तिच्या त्या एका शब्दात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही. माणसं आपलं जुनं शहाणपण नव्या वस्तूत भरायला बघतात, त्यात त्यांचा काय गुन्हा?

त्यानंतरचा महिना त्या घराचा सगळ्यात चांगला. पंचफुला रात्री झोपू लागली. तिचा चेहरा भरला. आमच्या खोलीच्या दारातून पाळीवरचा बल्ब दिसायचा, निजायच्या आधी ती दारात येऊन एकदा त्याच्याकडे बघायची आणि मथुराला म्हणायची, "माहा नोकर जागा आहे." मासळी इतकी येऊ लागली की केवलराम आता कामावरच्या रजा जोडून आठवड्यातल्या बहुतेक रात्री पाण्यावर असायचा. वैशाख संपला की नोकरी सोडतो, असं त्यानं फोरमनला सांगूनही टाकलं. मला म्हणाला, "आता तूच चढ बाप्पा वरतं. मी खालून पाह्यतो तुही मजा."

त्या संध्याकाळी पान हलत नव्हतं. पत्रे दिवसभर तापून खोलीत उभं राहवत नव्हतं. दोघे भाऊ डोंगा घेऊन गेले, नेहमीसारखेच. जाताना देवीदासनं वहिनीला चिडवलं, बिजलीबाई आल्यापासून तू जाड होऊन राहिली. तिनं त्याला तांदूळ मोजायचं चिपटं फेकून मारलं.

मध्यरात्री मी दचकून उठलो तो पत्र्यांच्या आवाजानं. आंधी आली होती, वैशाखातली, धुळीची, मागे पाऊस घेऊन. बाहेर आलो तर पंचफुला आधीच दारात उभी होती. तिचा हात पाळीकडे होता.

तिकडे काही नव्हतं. ना बल्ब, ना शेड, ना खांब. कुठेतरी फांदी तारेवर पडून त्या अख्ख्या बाजूची वीज गेली होती. पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा फक्त अंधार दिसला.

पंचफुलानं कंदील घेतला, पदराच्या आड पेटवला आणि पळत सुटली. मी हाका मारून आसपासच्या खोल्यांतली माणसं उठवली. कोणी कंदील घेतला, कोणी बॅटरी, एकानं चिंधीची मशाल केली. आम्ही पाळीवर पोचलो तेव्हा तलाव गर्जत होता. तलावाला अशा लाटा येतात हे मी शेतकऱ्याच्या पोरानं कधी पाहिलं नव्हतं. पाण्यावर डोंग्याचा दिवा कुठेच दिसत नव्हता. आम्ही पाळभर पसरलो, कंदील हलवू लागलो, नावं घेऊन ओरडू लागलो. वारा आवाज तोंडातच परत कोंबत होता.

पंचफुला ओरडत नव्हती. ती पाण्याकडे बघत नुसती उभी होती. मग तिनं वळून आमच्याकडे पाहिलं, पाळीवर धावणाऱ्या त्या सगळ्या कंदिलांकडे, आणि किंचाळली.

"इझवा! कंदील इझवा सगळे!"

आम्हाला वाटलं, तिचं भान गेलं. मथुरानं तिला धरलं. तिनं मथुराला ढकललं, माझ्या हातातला कंदील हिसकला आणि फुंकला.

"त्यायले वाटते मालगुजाराचे मानसं आले! आपला दिवा इझवून बसले थे! इझवा न बाप्पा, पाया पडते, एकच ठेवा, एकच!"

मला कळलं. मी सुटलो, एकेकाचा कंदील हिसकून विझवू लागलो. पण तेलुगू, मल्याळी माणसांना कोणत्या गावचा मालगुजार आणि कसलं काय समजावणार, आणि तेही त्या वाऱ्यात? बुडणाऱ्याला उजेड दाखवायचा सोडून हा विझवत सुटलाय म्हणून एकानं मला धक्काबुक्की केली. सगळे दिवे जाऊन एकटा पंचफुलाचा कंदील उरायला फार वेळ गेला. तिनं तो खांबाच्या खालच्या खिळ्याला अडकवला आणि वाऱ्याकडे पाठ करून, पदर पसरून, त्याला आडोसा देत उभी राहिली. तो हलू नये म्हणून तिनं त्याची तापलेली काच दोन्ही हातांत धरली होती. तळहात भाजले, ते आम्ही उजाडल्यावर पाहिलं.

उजाडताना देवीदास सापडला. जाळ्याला बांधायचे वाळक्या भोपळ्यांचे तुंबे असतात, पाण्यावर तरंगणारे, त्यांना मिठी मारून तो पलीकडच्या काठाला लागला होता. केवलरामला केवटांनी दुपारी काढला. पायात त्याच्याच जाळ्याचा फास होता. त्याला पाळीवर आणून खांबाशी ठेवला, कारण आसपास सपाट जागा तेवढीच होती. पंचफुला त्याच्या डोक्याशी बसली. तिनं त्याच्या कानातला चिखल आपल्या पदरानं काढला. ती रडत नव्हती, आणि ते बघवत नव्हतं.

देवीदासला दोघांनी धरून आणलं. तो भावाकडे बघायचं सोडून वहिनीकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, सगळ्यांसमोर.

"वहिनी, तू कावून इझवला?"

ती केवलरामच्या कानातला चिखल काढत राहिली.

"हवा नुकतीच सुटली होती. आमी निंगालोच असतो. मी म्हणलं, दादा, पाळ जवळ आहे, चाल. तेवढ्यात बल्ब इझला. दादानं वल्हं ठेवून देल्लं. म्हणे, थांब, तिनं इझवला, काठावर काही तरी झालं. मी म्हणलं, दादा, बिजली गेली असन. तं म्हणे, तूच म्हणला न, बिजली कधी इझत नाही? मंग तिनंच इझवला." देवीदासनं पाण्याकडे बोट दाखवलं. "गॅसबत्ती इझवली त्यानं. मंग पाळीवर कंदील दिसले, लय सारे, धावून राहिले होते. दादानं माही मुंडी खाली दाबली. म्हणे, आले. हालू नोको. पानी भरून राहिलं होतं डोंग्यात. मी ओंजळीनं काढून राहिलो होतो अन थो माही मुंडी दाबून राहिला होता."

त्यानं रिकामी ओंजळ पुढे करून दाखवली.

"मंग एकच राह्यला. तवा हसला दादा. म्हणे, आता बोलावून राहिली. वल्हं घेतलं. तोपर्यंत डोंगा गेला खाली." तो पुढे झाला आणि तिच्या खांद्याला धरून हलवू लागला. "कावून इझवला तू? काय झालं होतं काठावर?"

"मी नाही इझवला," पंचफुला म्हणाली.

जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. बटण तिला माहीत होतं, हे अख्ख्या कॅम्पाला माहीत होतं. महिनाभर तिनंच कौतुकानं सांगितलं होतं. आंधी बघून घाबरली असेल, परत ये म्हणून खुणेसाठी दाबलं असेल, असं एक बाई दुसरीला म्हणाली आणि ते मला ऐकू आलं, म्हणजे पंचफुलालाही आलं असणार. मी म्हणालो की ती माझ्यासमोर खोलीच्या दारातच होती, दिवा तेव्हाच गेलेला होता. ऐकायला कोणाला वेळ होता? माणूस मेला की लोकांना आधी हात हवा असतो, ज्या हातानं तो मेला.

"मी नाही इझवला," ती पुन्हा म्हणाली. आता ती आमच्याशी बोलत नव्हती. केवलरामच्या तोंडाजवळ वाकून त्याला सांगत होती. "ऐकलं का जी? मी नव्हता इझवला. मी घरी झोपली होती. तुमीच म्हणलं होतं, झोप."

दूरवर रस्त्याच्या वळणाला तारवाले शिडी लावून काम करत होते. सकाळपासून करत होते, आमचं लक्ष नव्हतं. आम्ही तिरडीच्या बांबूंचं बोलत होतो. ऊन लख्ख पडलं होतं, आंधीनं धुऊन काढलेलं.

आणि खांबावरचा बल्ब लागला.

भर दुपारी, पत्र्याच्या टोपीखाली, पिवळा, कोणाच्या कामाचा नसलेला. पेटीजवळ कोणी गेलं नव्हतं. बटणाला कोणी हात लावला नव्हता. रात्रभर ते वरच होतं.

देवीदासनं वर पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. मग तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ओरडू लागला. कुजबुजणाऱ्या बायका गप्प झाल्या. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा, आणि त्या उजेडाचा, इतका राग आला की दगड उचलून बल्ब फोडावासा वाटला.

पंचफुलाच्या चेहऱ्यावर मात्र निवांतपणा आला. तिनं केवलरामची हनुवटी भाजलेल्या हातांनी धरून जराशी वर केली, त्याला दिव्याकडे बघता यावं म्हणून.

"पाहा," ती म्हणाली. "चालूच आहे. मी इझवला नव्हता."

ती थोडा वेळ तशीच बसली. मग उठली, खांबापर्यंत गेली, आणि पेटीचं झाकण उघडलं. सवयीनं पदर गुंडाळला बोटांना.

"आले थे काठाले," असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं बटण खाली केलं.